अस्सल, पण केव्हाचे?

हस्तलिखिताचा कागद जुना म्हणजे त्यावरील मजकूरही जुना, असे पाठचिकित्सेचा विद्यार्थी मानत नाही. कोरा राहिलेला जुना कागद पुढच्या काळातील लेखकाच्या हाती लागू शकतो. जुन्या संगणकांच्या ऑनलाइन लिलावांत नेमकी हीच अडचण उभी राहते. ‘अ‍ॅपल-१’ हे तिचे सर्वांत बोलके उदाहरण.

स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी रचलेला हा संगणक १९७६ साली ६६६.६६ डॉलरला विक्रीस आला. सुमारे दोनशेच नग तयार झाले. विकला जाई तो केवळ जोडणी केलेला सर्किट बोर्ड. पेटी, कीबोर्ड, पडदा आणि वीजपुरवठा यांची सोय ज्याची त्याने करायची. त्यामुळे या यंत्राला ठरलेले असे बाह्यरूपच नाही. सुबक लाकडी पेटी पाहून काहीच ठरत नाही. निर्णय बोर्डावरच करावा लागतो.

तेथील पहिला पुरावा म्हणजे चिपवर छापलेला चार अंकी संकेत. ‘७६३४’ म्हणजे १९७६ सालचा चौतिसावा आठवडा. एखाद्या चिपवर १९८१ चा संकेत दिसला, तर ती नंतर बसवली हे उघड आहे. पण याच्या उलट अनुमान काढता येत नाही. १९७६ ची चिप आजही शोधून, मिळवून बसवता येते. हौशी तंत्रज्ञांनी या बोर्डाच्या प्रतिकृती उघडपणे, प्रतिकृती म्हणूनच केल्या आहेत. अशा बोर्डावर त्या काळातल्या चिप बसवल्या, की जवळजवळ प्रत्येक सुटा भाग खरा आणि तरीही वस्तू खोटी, अशी स्थिती निर्माण होते. म्हणून जाणता ग्राहक बोर्डाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागतो, डाख न्याहाळतो, काही बोर्डांवर आढळणारा हस्तलिखित क्रमांक पाहतो आणि ज्ञात बोर्डांच्या यादीशी ताडून बघतो.

याहून भक्कम पुरावा असतो तो वस्तूच्या स्वतःच्या जखमांचा. ऑगस्ट २०२२ मध्ये या संगणकाचा एक आद्य नमुना ६,७७,१९६ डॉलरला विकला गेला. त्याचा कोपरा तुटलेला होता, काही भाग काढून घेतलेले होते. पहिल्या पन्नास नगांची मागणी नोंदवणारे दुकानदार पॉल टेरेल यांनी १९७६ साली काढलेल्या छायाचित्रांशी जुळल्यामुळे त्याची ओळख पटली. तो चालू नव्हता. पण तो कोण आहे, हे सांगता येत होते.

बाजाराला मात्र चालणारे यंत्र हवे असते. २०१४ साली एक चालू स्थितीतला ‘अ‍ॅपल-१’ अमेरिकेतील हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९,०५,००० डॉलरला घेतला. किमतीतल्या या ओढीमुळे दुरुस्तीचा मोह वाढतो, आणि खरा धोका तिथेच आहे. तोतया आज ना उद्या उघडा पडतो. पण अस्सल यंत्रात त्याच काळातली दुसरी चिप बसवली आणि त्याची नोंद ठेवली नाही, तर तो प्रक्षेप पुढे कोणालाच ओळखता येत नाही. शिवाय काढून टाकलेली बिघडलेली चिप ही त्या यंत्राच्या वापराची साक्ष होती; तीही नाहीशी होते.

दुरुस्ती करूच नये, असा याचा अर्थ नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना संहितेतून वगळलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. संपादकाचा निर्णय न पटणाऱ्या वाचकाला आपला निर्णय करण्याची सोय त्यामुळे राहिली. जुन्या संगणकाच्या विक्रेत्याकडूनही एवढीच अपेक्षा आहे. काय बदलले, केव्हा बदलले हे त्याने लिहावे आणि काढलेला भाग यंत्रासोबतच पुढच्या मालकाकडे द्यावा.