पुलगाव–आर्वी गाडीच्या प्रतिकृतीविषयी तळटीप

१. मूळ मजकुरातील ‘आपली गाडी’ म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी ही मूळची ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरील गाडी. बागेतल्या ४५ मिलिमीटरच्या रुळांवर तिची प्रतिकृती धावती करावयाची तर प्रमाण सुमारे १:१७ धरणे प्राप्त होते. बाजारातील स्वस्त खेळण्याचे रूपांतर करताना चाके जुन्याच आसावर बाहेर सरकविण्याची तजवीज पुरत नाही. लांब पोलादी आस घालून, दोन्ही चाकांच्या आतील बाजूंमधले अंतर सर्वत्र चाळीस मिलिमीटरांच्या आसपास एकसारखे राखले नाही, तर गाडी सांध्यावर हमखास उतरते. या प्रमाणात मनुष्याकृती दहा सेंटिमीटर उंच होत असल्याने खेळण्याची दारे तशीच ठेवणे सर्वथा अनुचित होय. ती वाचकाने अवश्य वाढवून घ्यावीत. — संपा.