किंग पिन ते अ‍ॅक्सल: हैदराबादी मिस्त्रीच्या कानाचा इतिहास

निजामाच्या संस्थानात सरकारी बस सुरू झाली १५ जून १९३२ रोजी. गाड्या होत्या २७ आणि कर्मचारी १६६. मुंबई राज्याची पहिली एसटी पुणे–अहमदनगर रस्त्यावर निघाली ती १ जून १९४८ ला, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा हैदराबादचेच. त्यामुळे मराठवाड्याने पाहिलेली सरकारी बस निजामाची होती. राज्य पुनर्रचनेत १९५६ मध्ये हे जिल्हे वेगळे झाले आणि त्यांची वाहतूक यथावकाश आजच्या एसटी महामंडळात आली.

निजामाची ही बससेवा चालवत होती रेल्वे. संस्थानाने १९३० मध्ये रेल्वे कंपनी आपल्या ताब्यात घेतली आणि दोनच वर्षांत तिच्या हाती रस्तावाहतूकही दिली. लालागुड्याचा रेल्वे कारखाना १८९३ पासून चालू होता, म्हणजे सुटे भाग, तपासणीच्या वेळा, ग्रीसिंगच्या पाळ्या यांची सवय असलेली माणसे शहरात आधीपासून होती. मोटारीच्या व्यवसायासाठी ही जमीन तयार होती, आणि हैदराबादच्या गॅरेजांचा इतिहास लिहिताना तिचा विसर पडू नये.

मोटार मात्र त्याआधीच आली होती. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी रोल्स-रॉइसने सिंहासनासारखी बैठक असलेली पिवळी सिल्व्हर घोस्ट बांधायला घेतली. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि गाडी सातव्या निजामांकडे आली. समारंभांपुरतीच बाहेर निघणारी ती गाडी फारच थोडी धावली. मिस्त्रीला शिकवले ते अशा राजवाड्यातल्या गाड्यांनी नव्हे, रोज धुळीतून शेकडो वळणे घेणाऱ्या बसने.

त्या पहिल्या ताफ्यातल्या अल्बियन बस स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या. त्यातली एक हैदराबादला आजही जतन केलेली आहे. अशा गाड्यांचा पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे एक जाड लोखंडी तुळई. तिच्या दोन्ही टोकांना उभी खीळ, तीच किंग पिन. स्टिअरिंग फिरवले की चाक याच खिळीभोवती वळते आणि गाडीच्या पुढच्या भागाचे वजनही तिथेच पेलले जाते. दख्खनच्या ग्रॅनाइटची बारीक पूड बुशमध्ये शिरली, ग्रीस वाळले, की वळताना लोखंडावर लोखंड घासते. स्टिअरिंग जड होते, मग चाक डुलायला लागते.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायची जुनी रीत फार सुंदर आहे. चाक जॅकवर उचलायचे, वर आणि खाली धरून हलवायचे. प्ले म्हणजे सैलपणा जाणवला की दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हलतच राहिले तर किंग पिनचा. ना यंत्र लागते ना कागद. दोन माणसे आणि एक जॅक एवढ्यावर निदान होते, आणि वर्कशॉपमध्ये ते उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात जाते.

अ‍ॅम्बॅसिडरने ही विद्या शहरातल्या खासगी गॅरेजांत टिकवून ठेवली. १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या या गाडीला ग्रीसगनची सवयच लावावी लागे. पुढच्या सांध्यांवरची निपल बुजली, ग्रीसिंग चुकले, की वळणावर कुरकुर ठरलेली. मालकाला ऐकू येण्याआधी मिस्त्रीला ती ऐकू आली पाहिजे, ही कामाची अट होती.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि वळणावरचा आवाजच बदलला. अ‍ॅम्बॅसिडर मागच्या चाकांवर चाले, मारुती पुढच्या. आता एकाच चाकाने वळायचेही आणि गाडी ओढायचीही. हे जमवायला फोर्डमध्ये काम करणाऱ्या अल्फ्रेड झेप्पा यांनी १९२० च्या दशकात शोधलेला गोळ्यांचा जॉइंट लागतो. आतला आणि बाहेरचा कप, मधल्या पिंजऱ्यात सहा पोलादी गोळ्या, बाहेरून रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळा थर बसतो, धूळ आत जाते आणि पूर्ण वळवून एक्सिलरेटर दिला की ‘कट-कट-कट’ सुरू होते. तिथे ग्रीसगनचा उपयोग नाही. आवाज सुरू होण्याआधी बूट बदलला असता तर काम थोडक्यात भागले असते. सुरू झाल्यावर जॉइंट किंवा अख्खा अ‍ॅक्सलच बदलावा लागतो. सुट्या भागांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या सिकंदराबादच्या राणीगंजला गिऱ्हाईक अशा भागांसाठीही येऊ लागले. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचे काम भाग बदलण्याकडे वळले, ही खंत अनेक जुन्या कारागिरांना वाटते आणि ती रास्त आहे.

पण कान अजून लागतोच, कारण वळणावरचा प्रत्येक आवाज जॉइंटचा नसतो. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घरघर डावीकडे वळताना वाढली, तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर घ्यायचा, कारण डाव्या वळणात वजन उजवीकडे जाते. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले आणि कण्हल्यासारखा आवाज आला, तर स्टिअरिंगचे तेल कमी झालेले असू शकते, किंवा वरचे स्ट्रट बेअरिंग गेलेले. पत्रा घासल्यासारखी बारीक चिरचिर आली तर आधी चाक काढून डिस्कमागचे पातळ कवच पाहावे. त्यात अडकलेला एखादा खडाही तो आवाज करतो, आणि खडा काढायला काहीच खर्च येत नाही. घाईने हजारोंचा अ‍ॅक्सल बदलायला लावणाऱ्यापेक्षा चाक उतरवून आधी पाहणारा मिस्त्री गाडीवाल्याच्या खऱ्या कामाचा.

आणि अ‍ॅक्सल बदललाच, तर हबचा मोठा नट अंदाजाने नव्हे, टॉर्क पान्याने कंपनीने सांगितलेल्या मापाइतकाच आवळावा लागतो. कमी-जास्त झाला तर नवे बेअरिंगही लवकर जाते, आणि वळणावर पुन्हा आवाज घेऊन गाडी परत गॅरेजात येते.