सही कुणाची? गर्भपाताच्या कायद्याची गोष्ट

आजचा विषय असा आहे की, त्यावर आपण दार लोटून, आवाज खाली करून बोलतो. 'पोट पाडलं' म्हणतो, 'पिशवी साफ केली' म्हणतो. विषय आहे गर्भपाताचा. याबद्दल बायका दोन प्रश्न हमखास विचारतात : हा गुन्हा आहे का? आणि नवऱ्याची सही लागते का? या प्रश्नांची उत्तरं समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

इंग्रजांनी 1860 साली भारतीय दंडसंहिता केली. तिच्या 312व्या कलमानं गर्भपात गुन्हा ठरला. बाईचा जीव वाचवण्यासाठी केला असेल तेवढाच माफ. जिनं स्वतःच गर्भ पाडला, तीही गुन्हेगार. आपल्या धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येला महापातक म्हटलंच होतं. आता पापाला तुरुंगाची जोड मिळाली.

यात सगळ्यात जास्त कोण सापडलं? उच्च जातींतल्या तरुण विधवा. पुनर्विवाहाचा कायदा 1856 साली झाला होता, पण घरात तो कोण मानणार? घरातल्याच कुणा पुरुषाकडून दिवस गेले, की तिच्यापुढे विहीर, गावठी औषध, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा, एवढेच रस्ते उरत. म्हणून जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल इथं ठेवून जा, असं त्यांचं सांगणं होतं. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

1881 साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी तमाम बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. त्या रागातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. दोघांच्या हातून जे घडतं, त्याची शिक्षा एकटीलाच का, हा त्यांचा सवाल होता. तो आजही जुना झालेला नाही.

कायदा मात्र शंभरावर वर्षं तसाच राहिला. गर्भपात थांबले नाहीत, ते अंधारात गेले. काडी घालणं, जडीबुटी, भोंदू डॉक्टर... मग रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मरण. अखेर 1964 साली केंद्र सरकारनं एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. देशात वर्षाला सुमारे 39 लाख गर्भपात मुद्दाम केले जातात, असा समितीचा अंदाज होता. तिच्या शिफारशींवरून 1971 साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. अमेरिकेतल्या न्यायालयानं हा हक्क मान्य केला तो त्यानंतर, 1973 साली. आणि 2022 साली काढूनही घेतला.

आपल्याकडे हा कायदा फारशा आरडाओरड्याविना झाला, त्याला कारण आहे. तो बायकांच्या हक्काचा म्हणून आलाच नाही. बायकांचे जीव वाचावेत हा एक हेतू, आणि वाढत्या लोकसंख्येची काळजी हा मागे उभा असलेला दुसरा. बाईनं मागितलं म्हणून गर्भपात, असं कायदा म्हणत नाही. कारण कायद्यात बसतं असं डॉक्टरांचं मत पडावं लागतं. संमती तिची, निवाडा डॉक्टरांचा. आपल्याकडचा खरा वाद इथं आहे.

मग आला दुसरा पेच. गर्भजल तपासून मुलगा की मुलगी ते सांगणारे दवाखाने मुंबईत निघाले. आत्ता थोडे खर्चा, पुढे हुंड्याचे वाचवा, अशा थाटाच्या जाहिराती लागल्या. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या, पण त्यांच्यापुढे अवघड प्रश्न होता. मुलीचा गर्भ पाडण्याला विरोध करताना गर्भपाताची सोयच गेली तर? म्हणून त्यांनी मागणी केली ती लिंगतपासणीवर बंदीची. गर्भपातावरच्या बंदीची नव्हे. 1988 साली महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा असा कायदा केला. केंद्राचा 1994 साली झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली 2001 साली 913 होत्या, त्या 2011 साली 894 झाल्या.

आता भिंतीवरच्या घोषणा आठवा. 'भ्रूणहत्या पाप आहे.' हेतू चांगला. पण ती घोषणा वाचून बाईला वाटतं, गर्भपातच गुन्हा आहे. मग ती सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही; कुणाकडून तरी गोळ्या आणते, नाहीतर भोंदूकडे जाते. म्हणजे पुन्हा 1971च्या आधीचाच अंधार.

ज्या बाईला गर्भपात मनापासून चुकीचा वाटतो, तिच्यावर हा कायदा सक्ती करत नाही. तिच्या श्रद्धेचा मान राखूच. पण एकीची श्रद्धा दुसरीचा जीव घेणारी होऊ नये.

म्हणून त्या दोन प्रश्नांची उत्तरं लक्षात ठेवा. मान्यताप्राप्त ठिकाणी, कायद्यातल्या कारणांसाठी केलेला गर्भपात गुन्हा नाही. गुन्हा आहे तो गर्भाचं लिंग तपासणं आणि सांगणं. 2021च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. काही स्त्रियांसाठी 24 आठवड्यांपर्यंत मुभा आहे, तिथं दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्या यादीत गरोदरपणात विधवा झालेली बाईही आहे. एकट्या, अविवाहित स्त्रीलाही ही मुभा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 रोजी सांगितलं. तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

आणि सही? अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची. नवऱ्याची नाही, सासूची नाही. मुलगी अठराच्या आतली असेल, तर पालकांची लागते. संमतीच्या त्या कागदाला फॉर्म सी म्हणतात. कुणी नवऱ्याला घेऊन या म्हणालं, तर एवढंच विचारा : "कायद्यात तसं कुठं लिहिलंय, साहेब?"