थांबलेलं आणि संपलेलं

मृत्यू म्हणजे काय, यावर आम्ही तत्त्वज्ञानवाले वर्षानुवर्षं वाद घालत आलो. ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र सर्जनना हाच प्रश्न घड्याळ लावून सोडवावा लागत होता. आज त्या घड्याळाचा इतिहास पाहू.

हृदयातून निघालेली महाधमनी कमानीसारखी वळते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या कमानीतूनच निघतात. महाधमनीचं अस्तर अचानक फाटलं, की तासागणिक धोका वाढतो. कमान शिवायची तर तिच्यातलं रक्त थांबवावं लागतं. आणि रक्त थांबलं की नेहमीच्या तापमानाला मेंदू चार-पाच मिनिटंच तग धरतो. पेच हा असा.

वाट सापडली ती थंडीत. शरीर गार केलं की त्याची प्राणवायूची गरज घटते, हे टोरांटोच्या विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीला २८ अंशांपर्यंत गार करून हृदयातलं छिद्र बुजवलं. काम उरकायचं होतं ते पाच-सहा मिनिटांत! पुढे हृदय-फुफ्फुस यंत्र आलं, रक्तच थंड करता येऊ लागलं. १९७५ मध्ये रँडल ग्रीप आणि सहकाऱ्यांनी, रक्ताभिसरण पूर्ण थांबवून चार रुग्णांची कमान बदलल्याचं प्रसिद्ध केलं. १८-२० अंशांना साधारण अर्धा तास हाती आला.

पण थंडी फुकट नसते. रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, पुन्हा ऊब देण्यात वेळ जातो. म्हणून दुसरी वाट: बाकी शरीराचं रक्त थांबवा, मेंदूला वेगळ्या नळीने देत राहा. डिबेकी यांनी हे १९५७ मध्येच केलं होतं; जपानच्या काझुई यांनी पुढे ते पद्धतशीर बसवलं. आता बरेचदा उजव्या काखेजवळच्या धमनीतून रक्त देतात आणि इतकं गारही करावं लागत नाही.

आता त्या अर्ध्या तासाकडे पाहा. हृदय थांबलेलं, श्वास नाही, मेंदूचा विद्युत आलेख सपाट. तरी तो माणूस मेलेला नाही. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले, तेव्हा गार पडलेलं शरीर त्यांतून मुद्दाम वगळलं, ते याचसाठी.

'मी' म्हणजे जाणिवेचा अखंड प्रवाह, असं आम्ही वर्गात शिकवत आलो. प्रवाह तुटला, आणि शुद्धीवर आल्यावर त्या माणसाने बायकोला नावाने हाक मारली, तर आमची व्याख्या अपुरी होती, हे कबूल करायला हवं. थांबणं म्हणजे संपणं नव्हे. हा फरक आम्हाला ग्रंथांपेक्षा या सर्जन मंडळींनी नीट शिकवला.

आता प्रश्न घेऊ.