पुरापरागकणांचे निष्कर्षण

खडकात गाडले गेलेले प्राचीन वनस्पतींचे परागकण व बीजाणू प्रयोगशाळेत मोकळे करण्याची प्रक्रिया. खडक विरघळवायचा आणि कण राखायचे, हे तिचे सूत्र. ते साधते स्पोरोपोलेनिनमुळे. कणांच्या बाह्यावरणातले हे कार्बनी बहुवारिक तीव्र अम्लांनाही दाद देत नाही. ऑक्सिडीभवनाने मात्र ते झिजते. त्यामुळे तांबूस खडक बहुधा रिकामे निघतात. राखाडी-काळे शेल आणि कोळसा भरभरून देतात.

नमुन्याचा वरचा थर खरवडून टाकतात, कारण त्यावर आजचे परागकण बसलेले असतात. मग त्याचे बारीक तुकडे करतात. पीठ केले तर कणच फुटतात. आधी हायड्रोक्लोरिक अम्लाने कार्बोनेटे काढायची. हा क्रम मोडता येत नाही. कॅल्शियम उरले, तर पुढच्या पायरीला कॅल्शियम फ्लुओराइडचा न विरघळणारा साका धरतो आणि कण त्यात हरवतात.

पुढची पायरी हायड्रोफ्लुओरिक अम्लाची. ते सिलिकेटे विरघळवते, काचही खाते; म्हणून भांडी प्लास्टिकची. ते कातडीतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते, आणि विरल द्रावणाची इजा काही तास जाणवतही नाही. वायुनिष्कासन कपाट, योग्य हातमोजे, मुखकवच आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल, तर बाटली उघडूच नये.

अवशेष पुन्हा पुन्हा धुऊन सुमारे २ विशिष्ट गुरुत्वाच्या झिंक ब्रोमाइडच्या द्रावणात सेंट्रिफ्यूज करतात. खनिजे तळाला जातात, कण वर तरंगतात. ते बहुधा १० मायक्रॉनच्या चाळणीवर धरतात.

खरे कसब ऑक्सिडीभवनात आहे. कोळशासाठी शुल्झ द्रावण, म्हणजे नायट्रिक अम्ल व पोटॅशियम क्लोरेट, वापरून नंतर सौम्य अल्कली देतात. काळपट कण उजळतात. पण थोडा उशीर झाला, की तेही विरघळतात. म्हणून मधूनमधून थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. घड्याळावर विसंबता येत नाही. वर्धा खोऱ्यातल्या पर्मियन कोळशातून असे दोन हवापिशव्यांचे, अंगावर पट्टे असलेले परागकण मिळतात. त्यांतले बरेचसे ग्लॉसोप्टेरिस गटातील झाडांचे मानले जातात.

शेवटी ग्लिसरीन जेली किंवा कॅनडा बाल्समात काचपट्टी तयार करतात. मोजणीसाठी ठरावीक संख्येने लायकोपोडियमचे बीजाणू असलेली गोळी सुरुवातीलाच नमुन्यात टाकलेली असते. सापडलेल्या कणांशी त्यांचे प्रमाण ताडून खडकातील मूळ संख्या काढतात.