पुशरॉडची लांबी कोण मोजतं?

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतं, हे तिथे रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं कोण जाणे. ह्याच तालुक्यात १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. धरण व्हायचं ते झालंच. १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे जाऊ लागली. खेडोपाडी विजेचे खांब पोचायला मात्र पुढे कित्येक दशकं लागली. तोवर विहिरीचं पाणी काढायचं तर मोट, नाहीतर डिझेल इंजिन. आजचा विषय त्या इंजिनातली एक साधी दांडी: पुशरॉड.

कॅमशाफ्ट खाली, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. कॅमचा धक्का वर रॉकरपर्यंत पोचवते ती ही दांडी. जास्त लांब झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आखूड झाली तर टकटक आवाज येतो आणि व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही.

आता इतिहास. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, तिथे नांगर आणि पुढे पंप बनू लागले. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेले. १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. त्यांचं गाजलेलं एव्ही-१ इंजिन ब्रिटनच्या पेटर कंपनीच्या आराखड्यावरचं. एक सिलिंडर, ८० मिमी बोअर, ११० मिमी स्ट्रोक, मिनिटाला १५०० फेऱ्या, ५ हॉर्सपॉवर. कितीतरी इंजिनियरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये हेच इंजिन टेस्ट रिगवर बसवलेलं असतं.

माझ्या मते अशा इंजिनाची खरी कमाई हॉर्सपॉवर नाही. शेतकऱ्याने दुकानात जाऊन 'एव्ही-१ चा पुशरॉड द्या' म्हणायचं, आणि आणलेली दांडी कानस न लावता बसायची, ही खरी कमाई. त्यासाठी ब्लॉकची उंची, हेड, गॅस्केट, कॅम, टॅपेट सगळंच ठरलेल्या मापात लागतं. पुशरॉडची लांबी म्हणजे ह्या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी. मोजायचं काम शेतकऱ्याच्या अंगावरून काढून कारखान्याने स्वतःवर घेतलं. आमच्या भाषेत, इंटरफेस फ्रीझ केला!

पण जुनं इंजिन पुन्हा बांधायला घेतलं की तो करार मोडतो. हेड अर्धा मिमी फेस केलं की रॉकर तेवढा खाली येतो, म्हणजे जुनी दांडी अर्धा मिमी लांब झाली. व्हॉल्व्ह सीट कापली की व्हॉल्व्हचं टोक वर येतं, परिणाम तोच. जाड गॅस्केट घातलं किंवा कॅम घासून घेतला तर उलट, दांडी आखूड पडते. टॅपेटची फट मुळात मिमीच्या काही दशांश भागाएवढीच असते, त्यात अर्धा मिमी म्हणजे फार झालं.

मग मोजायचं कसं? हेड नेहमीच्याच गॅस्केटवर पूर्ण आवळायचं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. रॉकरचा ऍडजस्टिंग स्क्रू त्याच्या प्रवासाच्या मध्यावर ठेवायचा. मग आट्यांनी लांब-आखूड होणारी तपासणीची दांडी घालून फीलर गेजने बरोबर फट येईपर्यंत ती फिरवायची. आली की बाहेर काढून मोजायची. तीच तुमच्या इंजिनाची लांबी. थोडाफार फरक स्क्रूच सांभाळून घेतो, पण स्क्रू एका टोकाला जाऊन अडकला असेल तर समजा, दुखणं दुसरीकडे आहे.

थोडक्यात काय, स्टँडर्ड पार्ट आला म्हणून मोजमाप संपत नाही. कोणीतरी आधीच मोजून ठेवलेलं असतं म्हणून आपलं भागतं, इतकंच. एकदा हेड फेस करून घेतलंत, की पुढचं मोजायचं तुमच्याकडे.