धुराडे व त्याची निगा : बेंबळी परिसराच्या संदर्भात

धुराडे साफ करण्याचा स्वतंत्र व्यवसाय थंड हवेच्या देशांत उदयास आला. इंग्लंडमध्ये घर उबदार ठेवण्यासाठी खोलीत शेकोटी, तिच्यावर विटांचे उंच धुराडे आणि जळणास दगडी कोळसा अशी व्यवस्था रूढ झाली. साचलेली काजळी पेटण्याचे भय असल्याने सफाई अपरिहार्य ठरली व अरुंद धुराड्यांत लहान मुले चढविली जाऊ लागली. या कामगारांचा कर्करोग व काजळी यांचा संबंध शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये दाखवून दिला. १७८८ पासून कायदे होत गेले. पण मुले चढविण्याची प्रथा १८७५ च्या कायद्यानंतरच बंद पडली.

धाराशिव तालुक्यातील बेंबळीच्या परिसरात असा व्यवसाय निर्माण झाला नाही. येथे चूल उबेसाठी नव्हे, तर स्वयंपाकासाठी पेटे. तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्या यांचा धूर माळवदाला ठेवलेल्या सान्यातून बाहेर पडे. साने म्हणजे छतातील साधे भोक. त्यातूनच उजेडही येई. पावसात ते झाकले की धूर घरातच कोंडे. भिंती-तुळयांवरील काजळी दसऱ्यापूर्वीच्या सारवणाच्या वेळी घरातील स्त्रिया झटकून काढीत. बारा बलुतेदारांत या कामाचा वाटेकरी कोणी नव्हता.

खरे धुराडे खेड्यात आणण्याचा विचार विसाव्या शतकातला. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली. धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्हा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, तेथील अभियांत्रिकी संशोधनशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी मातीच्या, अनेक भांड्यांच्या निर्धूर चुलीची योजना १९५३ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. चुलीला वैल जोडण्याची रीत येथे जुनीच होती. नवे होते ते धुराडे. पुढे १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व तो २००२ पर्यंत चालविला. देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या.

परंतु नळी बसविली म्हणजे काम संपत नाही. लाकूड व गोवऱ्यांची काजळी नळीत साचते, ओढ मंदावते आणि धूर पुन्हा स्वयंपाकघरात उलटतो. ओडिशातील चुलींचा काही वर्षे मागोवा घेणाऱ्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर घटला, पुढे मात्र हा लाभ उरला नाही, असे आढळले. निगेचा अभाव हे त्याचे एक प्रमुख कारण होते. चूल बांधण्याचा मोबदला योजनेत होता. ती झाडण्याचे काम मात्र विनामूल्य म्हणून स्त्रीवरच सोडले गेले.

दरम्यान ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळली. त्यानंतर लोकांचा ओढा पत्रे व काँक्रीटच्या छताकडे वळला आणि माळवदाबरोबर सानेही मागे पडले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यांत पोहोचविला. तथापि टाकी पुन्हा भरण्याचा खर्च जेथे जड जातो, तेथे चूल पेटतेच.

या इतिहासाचे तात्पर्य असे की, इंग्लंडमध्ये काजळी काढणाऱ्याचे शोषण झाले, पण त्याचे श्रम कायद्याच्या दृष्टीस पडले. येथे ते श्रम घरकामातच विरून गेले. धुराड्याच्या अपयशाची मीमांसा करताना नळीच्या रचनेइतकाच विचार ती झाडणाऱ्या हातांचा व्हावयास हवा.